खुलासा: कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाची गळती झालेली नाही

‘तासगाव रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया फुटला, वाऱ्यासोबत लांब पळा’ हा मेसेज कालपासून सांगलीत फिरतोय. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो मीच टाकला होता. चूक माझी.

आज सकाळी गेटवर जाऊन आलो. गळती नव्हती, मॉक ड्रिल होतं. फळ्यावर खडूने लिहिलेली तारीख-वेळ अजून तशीच आहे. मेसेजसोबत फिरणाऱ्या व्हिडिओत स्ट्रेचरवर दिसणारा माणूस तिथलाच हमाल. मला तो बेदाण्याच्या पेट्या उचलताना भेटला! धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्यांना आपत्कालीन आराखड्याची अशी तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावीच लागते.

मेसेजमधला सल्ला मात्र खरोखर घातक आहे. वाऱ्यासोबत पळालात तर वायूही तुमच्याच मागे येणार. वाऱ्याला आडवं निघायचं, नाकातोंडावर ओलं फडकं धरून. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. ‘हलका वायू, वर निघून जाईल’ यावरही विसंबू नका. गळतीचा गार वायू धुक्यासारखा जमिनीलगत पसरू शकतो.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.