प्रतिक्रियेला उत्तर: पत्ता चुकला, पण जोडी टिकली

नमस्कार,

तुमचे आक्षेप तीन. कॅन्सरचं औषध आत भरून रक्तात सोडतात त्या अतिसूक्ष्म पुड्यांवरच्या, म्हणजे नॅनोवाहकांवरच्या, माझ्या लेखातली ‘नेम धरून सुटलेलं क्षेपणास्त्र’ ही उपमा फसवी आहे. हे सगळं उंदरांपुरतंच आहे. आणि असं लिहून मी पेशंटच्या घरच्यांना गाजर दाखवते. पहिला मान्य. दुसरा अर्धा मान्य. तिसऱ्याकडे शेवटी येते.

क्षेपणास्त्राला सुकाणू असतं, या पुडीला नसतं. रक्त नेईल तिकडे ती जाते. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून मोठे रेणू तिथे साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवलं आणि त्यावर सगळ्यांनी इमले बांधले. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे निबंध एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणारा मध्यक (सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधला) वाटा निघाला ०.७ टक्के. शंभर रुपयांची मनीऑर्डर करावी आणि सत्तर पैसे हातात पडावेत, तसं. बाकीचा बराचसा ऐवज यकृत आणि प्लीहा गिळतात.

मग पुडीवर अँटिबॉडी, म्हणजे कॅन्सरपेशीवरची खूण ओळखणारं प्रथिन, चिकटवली की झालं ना? मीही तसंच लिहिलं होतं. पण दारावरची पाटी दारापाशी पोचल्यावरच वाचता येते. घर शोधायला ती कामाची नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी हर-२ हे पेशीवरचं प्रथिन ओळखणारी एमएम-३०२ ही पुडी अशीच होती. तिची चाचणी २०१६ मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवली.

पण ‘उंदरांपुरतंच’ हे पटत नाही. डॉक्सिल, म्हणजे लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पुडीत) भरलेलं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, १९९५ पासून माणसांना दिलं जातंय. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स मागवायला परवानगी दिली होती. डॉक्सोरुबिसिन लायपोसोममध्ये घातल्यावर हृदयाला होणारा त्रास कमी झाला. मात्र तळहात-तळपाय लाल होऊन सोलपटणं वाढलं. म्हणजे दुष्परिणाम संपले नाहीत, त्यांनी जागा बदलली.

आणि ‘एकत्र उपचार’ हा जो भाग तुम्ही एका ओळीत उडवून लावलात, तिथेच मला खरा दम दिसतो. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, एएमएलमध्ये, सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस देण्याची पद्धत जुनी आहे. प्रयोगशाळेत पेशींवर तपासलं तर ही दोन औषधं काही प्रमाणांत एकमेकांना साथ देतात, काही प्रमाणांत चक्क आडवी येतात. शरीरात प्रत्येक औषध आपापल्या वेगाने बाहेर पडतं, त्यामुळे डॉक्टरांनी कितीही मोजून दिलं तरी अस्थिमज्जेत ते प्रमाण राहील याची खात्री नाही. व्हिक्सिऑस या नव्या औषधात ही दोन्ही औषधं एकाच लायपोसोममध्ये, रेणूंच्या हिशेबाने पाचास एक अशी कोंडलेली असतात. पुडी सुमारे १०० नॅनोमीटरची, रंगाने जांभळी. तिच्यावर अँटिबॉडी नाही, पत्ता नाही, काही नाही. फक्त जोडी फुटू द्यायची नाही, एवढंच तिचं काम.

६० ते ७५ वयाच्या ३०९ पेशंटवर चाचणी झाली, सगळे अवघड प्रकारच्या एएमएलचे. मध्यक आयुष्य जुन्या पद्धतीत ५.९५ महिने, नव्या औषधाने ९.५६. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. साडेतीन महिने थोडे वाटतील. मला वाटत नाहीत. पण इथेही एक खोच आहे, जी तुम्ही काढली नाहीत म्हणून मीच काढते: त्या चाचणीत ‘पुडी तीच, प्रमाण वेगळं’ असा तिसरा गट नव्हता. त्यामुळे श्रेय प्रमाणाला किती आणि पुडीला किती, हे तिच्यावरून वेगळं करता येत नाही. शिवाय या औषधानंतर रक्तपेशी पूर्ववत व्हायला जास्त दिवस लागतात. त्या काळात जंतुसंसर्गाची भीती असते.

आता गाजराचं. माझा लेख वाचून तुमच्या भावाने डॉक्टरांकडे ‘नॅनोवाली केमो’ मागितली, त्याच्या आजाराला तशी नाही असं उत्तर मिळालं, आणि त्या रात्री तो जेवला नाही, असं तुम्ही लिहिलंत. यावर माझ्याकडे बचाव नाही. ‘दुष्परिणामांशिवाय केमो’ हे शब्द माझेच होते आणि ते चूक होते. मूळ लेखात त्यांच्यावर रेघ मारली आहे, पुसलेले नाहीत, म्हणजे कोणी आधी वाचून गेलं असेल तर त्यालाही बदल दिसेल. क्षेपणास्त्रही काढलं. व्हिक्सिऑस कोणत्या प्रकारच्या एएमएलसाठी आहे, हे आता लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात घातलं आहे.

भाऊ आता कसा आहे, जमलं तर कळवा.