नवव्या महिन्यातल्या बीपीचा तो मेसेज: एकेक वाक्याला उत्तर

सोलापुरात भावकीच्या, सोसायटीच्या, कारखान्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. मजकूर साधारण असा: "होणाऱ्या बापांनो, घाबरू नका. नवव्या महिन्यात बीपी वाढतंच. आपल्या आज्यांनी दहा-दहा बाळंतपणं घरात केली, त्यांचं बीपी कुणी मोजलं होतं? दवाखानेवाले बीपीचं नाव काढून सिझर करतात. गोळ्यांनी बाळाला अपाय होतो, घेऊ देऊ नका. मीठ बंद करा, झोपवून ठेवा, माहेरी पाठवा, मन शांत झालं की बीपी आपोआप उतरतं. एकदा बाळंतपण झालं की विषय संपला."

माझ्या फोनवर हा आला तेव्हा बायकोला छत्तिसावा आठवडा चालू होता आणि तिचं बीपी होतं १४८/९६. पाठवणारे नात्यातले मोठे काका. त्यांच्या मनात मायाच होती, म्हणून त्यांच्यावर राग नाही. राग मेसेजवर आहे, कारण तो थेट नवऱ्यांना उद्देशून लिहिलाय. आणि आपल्याकडे दवाखान्यात न्यायचं की नाही, गाडी कधी काढायची, हे अजूनही बऱ्याच घरांत नवराच ठरवतो.

"नवव्या महिन्यात बीपी वाढतंच."

यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत बीपी जरा उतरतं आणि शेवटी शेवटी पुन्हा पहिल्या पातळीवर येतं. एवढी वाढ चालते. पण वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी गाठला आणि काही तासांनी मोजल्यावरही तसाच आला, तर ते नेहमीचं वाढणं नव्हे. १६०/११० दिसलं तर घरी बसून पुन्हा मोजत राहायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढलं आणि सोबत लघवीतून प्रथिनं जायला लागली, किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट यांवर परिणाम दिसला, की डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. त्याचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, असतं. वार रुजताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं, आणि तिच्यातून आईच्या रक्तात असे पदार्थ उतरतात की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या दुखावतात. बाळाची वाढही त्यामुळे मागे पडू शकते. "तिला टेन्शन देऊ नका, बीपी उतरेल" हे घरोघरी ऐकू येतं. टेन्शन देऊच नये, पण हा आजार टेन्शनमुळे होत नाही आणि टेन्शन गेल्यानं जातही नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तिला काही जाणवतच नाही. ओपीडीत सिस्टरनं लघवीत पट्टी बुडवली. पट्टीवरचा पिवळा चौकोन बघता बघता हिरवा झाला. तिनं तो डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला आणि कार्डावर प्रथिनांपुढे 'दोन प्लस' लिहिलं. त्याच वेळी बायको मला विचारत होती, जाताना भाजी घ्यायची का. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. दिसण्यासारखं एकच होतं: डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा मनगटात रुतला होता आणि साबण लावूनही एक बांगडी सरकत नव्हती.

पायाला सूज बहुतेकींना येते. चेहरा आणि हात एकदम सुजले तर मात्र बीपी मोजून घ्यायचं. डोकं असं ठणकतंय की गोळीनंही थांबत नाही, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी येते, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखतं, लघवी कमी झालीय, बाळाची हालचाल मंदावलीय, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही. बरगडीखालचं ते दुखणं आपण ॲसिडिटी म्हणून सोडून देतो. नवव्या महिन्यात तसं सोडू नका.

आणि मोजायचं तर नीट मोजा. तीन मजले चढून आल्याबरोबर पट्टा बांधून काही कळत नाही. लघवी करून यावं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसावं, दंड छातीच्या उंचीवर ठेवावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा, मोजताना बोलू नये. आम्ही घरी मशीन आणलं, त्यावर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टर मॅडम प्रत्येक वेळी आधी ती वही बघायच्या.

"आज्यांचं बीपी कुणी मोजलं होतं?"

कुणीच नाही. म्हणून ज्या गेल्या, त्या कशानं गेल्या हेही कुणाला कळलं नाही. जुन्या माणसांना जवळ बसवून विचारा. जवळपास प्रत्येक घराण्यात एखादी 'पहिल्या बाळंतपणात गेलेली' काकी नाहीतर आत्या निघते. तिला फेफरं आलं म्हणतात, बाहेरचं लागलं म्हणतात. दिवस भरत आलेल्या बाईला अचानक झटके येणं म्हणजे बहुतेक वेळा याच आजाराचं पुढचं रूप, एक्लॅम्पसिया. दहा बाळंतपणं निभावलेली आजी आपल्याला गोष्ट सांगायला उरली, दुसरी उरली नाही.

देशाचे आकडे बघा. १९९७-९८ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. यामागे दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, आशाताई आहेत, प्रत्येक तपासणीला बांधलेला तो पट्टा आहे. तरीही रक्तस्रावाच्या खालोखाल मातांचे सर्वाधिक जीव घेणाऱ्या कारणांत वाढलेलं बीपी आजही येतंच.

वॉर्डात आमच्या शेजारच्या कॉटवर एक ताई होत्या, तालुक्याच्या गावाहून झटके येऊन आलेल्या. त्यांना झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं. सिस्टर ठरावीक वेळानं यायची, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय उडतो का बघायची, श्वास मोजायची, लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहून जायची, कारण हे औषध जास्त झालं तर आधी पायाचं ते उडणं मंदावतं आणि मग श्वास. तसं झालंच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हाताशी तयार होतं. ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवर झालेल्या मॅगपाय चाचणीत, २००२ साली, या औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे सिद्ध झालं. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात असतं. पेशंट वेळेत पोचला पाहिजे, एवढंच.

"बीपीचं नाव काढून सिझर करतात."

हा संशय हवेतून आलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझर होती, सरकारीत १४ टक्के. एवढी तफावत असताना माणूस शंका घेणारच, आणि घ्यावी. पण शंका सिझरवर घ्या, बीपीच्या आकड्यावर नको. आकडा तुम्ही स्वतः दुसरीकडे मोजून आणू शकता.

वाढलेलं बीपी म्हणजे सिझर, असं समीकरण नाही. या आजाराला खरा उतार पडतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावर. म्हणून प्रीएक्लॅम्पसियात ३७ आठवडे भरले की बाळंतपण पुढे ढकलत नाहीत. पण बाळंतपण करायचं म्हणजे पोट कापायचं असं नव्हे. पिशवीचं तोंड मऊ व्हायचं औषध आणि कळांचं सलाईन देऊन नॉर्मल बाळंतपणाचा प्रयत्न करता येतो. आमचं तसंच झालं. रात्रभर कळा, पहाटे नॉर्मल, मुलगी, अडीच किलोला थोडी कमी. सिझर लागतं ते बाळाचे ठोके बिघडले, आईची तब्येत झपाट्यानं ढासळली, तोंड उघडेना, बाळ आडवं आहे, अशा वेळी. ३४ आठवड्यांच्या आतच बाळंतपणाची वेळ आली तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ती सुचवली तर घाबरून नाही म्हणू नका, त्यात बाळाचं भलं आहे.

डॉक्टरांना सरळ विचारा: बीपी किती आहे, लघवीत प्रथिनं किती, प्लेटलेट आणि लिव्हरचे रिपोर्ट काय म्हणतात, कळा आणून का बघता येणार नाही? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. तरी मन मानेना तर फाईल घेऊन सिव्हिलला दाखवा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. कुणाचा धंदा होतोय असं वाटत असेल तर जिथं धंदा नाही तिथं जा. तपासणी सोडून घरी बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

"गोळ्यांनी बाळाला अपाय होतो."

या एका वाक्यानं मला सगळ्यात भीती वाटते. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं गरोदर बायकांना वर्षानुवर्षं दिली जातात आणि ती त्यांच्यासाठीच निवडलेली असतात. आपल्या मनानं बंद केली की बीपी उसळतं, आणि उसळलेलं बीपी मेंदूत रक्तस्राव करू शकतं.

अपाय करणाऱ्या बीपीच्या गोळ्याही आहेत आणि त्या घरातच असतात. आजोबांच्या डब्यातली टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीची गोळी गरोदर बाईला चालत नाही. बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. "बीपीचीच गोळी आहे, एक घे आजच्यापुरती" असं म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याला तिथंच थांबवा. आणि जिला आधीपासून बीपी आहे तिनं दिवस राहिल्याचं कळताच गोळी बदलून घ्यायला डॉक्टरांकडे जावं.

"मीठ बंद करा, झोपवून ठेवा."

मीठ तोडल्यानं हा आजार टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच सांगितलंय की प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यासाठी मीठ कमी करण्याची शिफारस नाही आणि घरी सक्तीनं झोपवून ठेवण्याचीही नाही. बेताचं मीठ खाऊ द्या. बिनमिठाच्या जेवणावर तिला भूक लागत नाही, मग ना शेंगाचटणी जाते ना भाकरी, आणि बाळाला अन्न कमी पडतं. सतत पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. ज्याचा खरंच उपयोग आहे ते या मेसेजमध्ये नाहीच: कॅल्शियमच्या गोळ्या. चौथ्या महिन्यापासून रोज दोन, सरकारी केंद्रात फुकट मिळतात. लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घ्यायच्या नाहीत, मध्ये अंतर ठेवायचं.

"माहेरी पाठवा."

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत आहे आणि तिला आईजवळ राहावंसं वाटतं हे खरंच आहे. आमच्याकडेही ठरलं होतं अक्कलकोटजवळच्या गावी. बीपी चढल्यावर मी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, फोन केला आणि म्हटलं, "मामा, यावेळी आत्यांनाच इकडं पाठवा." ते थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "ठीक आहे, पण तिला डाळिंब आवडतात, ती मी पाठवतो." सासूबाई आल्या आणि माहेर आमच्या दोन खोल्यांत आलं.

पाठवायचंच असेल तर तिथं दर दोन-तीन दिवसांनी बीपी मोजणारं कुणी हवं, रात्री गाडी हवी, रक्त आणि ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल जवळ हवं. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी तिच्या पिशवीत हवी आणि सगळ्याचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये. १०८ आणि १०२ हे दोन्ही नंबर तिच्या आईच्या फोनमध्येही हवेत.

"बाळंतपण झालं की विषय संपला."

नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढतं, कधी कधी आधीपेक्षा जास्त. आधी कधीच बीपी नव्हतं अशा बाईलाही बाळंत झाल्यावर झटके येऊ शकतात. आणि आपल्या घरात नेमके हेच दिवस पाचवीचे. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाळ या हातातून त्या हातात, बाळंतीण रात्र रात्र जागी. ती म्हणते डोकं दुखतंय, आणि चार बायका म्हणतात, "झोप नाही ना, दुखणारच."

आमच्याकडे चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं तसंच म्हटलं. मशीन उशाशी होतंच. १६०/१०४. अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलात होतो. गोळ्यांचा डोस वाढवला, दोन रात्री ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. दूध पाजताना चालतील अशाच गोळ्या दिल्या होत्या. बाळ सोबत होतं, दूध एकदाही थांबलं नाही. पाचवी पूजली नाही म्हणून कुणी नाराज झालं असेल तर ते नंतर समजावता येतं.

घरी आल्यावरही मोजणं चालू ठेवायचं आणि सहा आठवड्यांनी दाखवायला जायचंच. बहुतेकींचं बीपी तोपर्यंत जागेवर येतं. तरी वर्षातून एकदा ते बघत राहावं, कारण हा आजार होऊन गेलेल्या बायकांना पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आणि पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीत ही सगळी हकिकत सांगायची. बाराव्या आठवड्यापासून रोज ॲस्पिरिनची कमी ताकदीची गोळी सुरू केली तर हा आजार पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. ती डॉक्टरांनीच सुरू करायची असते, आणि सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर तिचा उपयोग जास्त होतो.