तो पिवळा साप नाचत नाही, त्याचा तोल गेलेला आहे

"भडक रंगाच्या विदेशी अजगराची एक जोडी घ्या. वर्षाला चाळीस पिल्लं, एका पिल्लाचे पन्नास हजार. कापूस विसरून जाल." वरोरा, वणी, हिंगणघाट या पट्ट्यातल्या शेतकरी ग्रुपांवर हा व्हॉइस मेसेज आणि त्याच्यासोबतचा व्हिडिओ सध्या जोरात फिरतोय. मी दुर्लक्षच करणार होतो. पण परवा माझ्या भाच्याचा फोन आला. सोयाबीनचे हाती आलेले पैसे त्याने या जोडीसाठी बाजूला काढून ठेवले होते. मी नको म्हणालो, तर उलट मलाच म्हणतो, "मामा, तुम्ही नीट पाह्यलं नाही अन् आधीच नाही काहून म्हणता? विदेशी आहे तो, फॉरेस्टवाल्याचं काहीच काम नाही त्यात." त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो.

मेसेज बॉल पायथनबद्दल आहे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसा अजगर, साधारण तीन ते पाच फुटांचा. घाबरला की अंगाचा गोळा करून डोकं मधोमध लपवतो. बिनविषारी आहे, स्वभावाने शांत आहे, आणि दुर्मीळ रंगाला बाजारात जास्त पैसे मिळतात, हे मेसेजवाल्याचं म्हणणं खरं आहे. एवढं मान्य करतो. बाकीचं ऐकून माझं डोकं फिरलं.

व्हिडिओत एक पिवळाधमक साप दिसतो, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा. त्याची मान सारखी लटलटते. डोकं हळूहळू एका बाजूला वळतं, वळत वळत पार उलटं होतं, खालचा जबडा आभाळाकडे येतो, आणि काही क्षण तो तसाच राहतो. समोर उंदीर धरला की झेप घेतो, पण उंदीर एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. मागून आवाज येतो, "पाहा, नाचणारा साप! मस्तीत आहे. असा नर जोडीला घ्या, हा जातिवंत."

आवाज बंद करून तो व्हिडिओ पुन्हा पाहा. तो साप आजारी आहे. या रंगाला 'स्पायडर' म्हणतात आणि स्पायडर सापांना हा त्रास जन्मापासून असतो. कुणाला थोडा, कुणाला इतका की पाठीवर पडला तर सरळ होता येत नाही. ज्या जनुकाने जाळीची नक्षी येते, त्याच जनुकाने हा दोषही येतो. जगभरातले स्पायडर 1999 मध्ये आफ्रिकेतून गेलेल्या एकाच सापाचे वंशज मानले जातात. पंचवीस वर्षं लोकांनी चांगले निरोगी साप जोडीला लावून हा दोष काढायचा प्रयत्न केला. नक्षी राहिली, दोषही राहिला.

हे माझ्या मनातलं नाही. 'प्लॉस वन' या शास्त्रीय नियतकालिकात 2022 मध्ये स्टार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांनी साध्या रंगाच्या आणि स्पायडर सापांच्या डोक्यांचे सीटी स्कॅन करून आतला कान तपासला. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात ना, त्या स्पायडरमध्ये वेड्यावाकड्या होत्या, आणि त्यांना लागून असलेली पिशवी नेहमीपेक्षा लहान, बिघडलेली. वर कुठे, खाली कुठे, हे सांगणारा अवयवच त्या सापात धड बनत नाही. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी तो लेख काढून त्यातली चित्रं पाहावीत. वाचायला फुकट आहे. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने, म्हणजे साप पाळणाऱ्यांच्याच संस्थेने, आपल्या मेळ्यांत स्पायडरची विक्री बंद केली. आणि आपल्याकडे त्याच सापाला जातिवंत म्हणून गावोगाव खपवायला निघालेत! त्याची पिल्लं काढली तर सरासरी निम्म्या पिल्लांत तोच दोष उतरेल. आपण मुद्दाम, पैसे मोजून, तोल नसलेले जीव जन्माला घालू. भाच्याला मी हेच विचारलं, की तुझ्या गोठ्यात असं वासरू जन्मलं तर तू त्याला नाचरं म्हणून बाजारात उभं करशील का?

आता मेसेजमधला पुढचा दावा, "जितका रंग भडक तितकी तब्येत चांगली, आणि पिल्लंही सगळी तशीच". दोन्ही चूक. रंग जनुकावरून ठरतो, भडक रंग म्हणजे चांगली तब्येत असं नाही. उलट काही भडक रंग दुखणं घेऊनच येतात. 'डेझर्ट' नावाचा सुंदर सोनेरी पिवळा प्रकार आहे. त्याची मादी पिल्लं देतच नाही. अंडी फळत नाहीत, आणि कित्येकदा पोटातच अडकून मादी मरते. म्हणजे मेसेज ऐकून कुणी रंगावर भाळून डेझर्ट मादी घेतली, तर त्याने पैदाशीसाठी नेमकी वांझ मादी निवडली. 'कॅरॅमल अल्बिनो'मध्ये पाठीचा कणा वाकडा निघण्याचं प्रमाण जास्त. दोन स्पायडर एकत्र केले तर दोन्हीकडून तो जनुक मिळालेलं पिल्लू जगत नाही, असंच आजवर दिसलंय.

पिल्लांच्या रंगाचा हिशोब तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे. पिवळा-पांढरा अल्बिनो नर आणि साधी तपकिरी मादी यांची जोड लावली तर पहिल्या पिढीत एकही पिल्लू अल्बिनो निघत नाही. सगळी तपकिरी. अल्बिनोपण त्यांच्यात दडून राहतं. ती मोठी होऊन आपसांत जोडली, तर चारात एक अल्बिनो, तेही सरासरीने. सहा अंड्यांच्या खेपेत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळपास 18 टक्के आहे. ही दुसरी पिढी हाती यायला किती वर्षं? मादी अंडी घालण्याजोगी व्हायला तीनेक वर्षं, वजन दीड किलोच्या आसपास. मग हंगाम, मग 55 ते 60 दिवस अंडी उबवणं. व्हिडिओतले रंग बहुतेक नुकत्याच निघालेल्या पिल्लांचे आहेत, हेही कुणी सांगत नाही. 'पास्टेल' वयाबरोबर मळकट होतो. 'बनाना'वर काळे ठिपके येत जातात.

वर्षाला चाळीस पिल्लं कुठून आणली? मादी वर्षातून फार तर एकदा अंडी घालते, बऱ्याचदा एखादं वर्ष सोडूनही देते. एका वेळी तीन ते अकरा अंडी, सरासरी सहाच्या आसपास. एका जोडीत चाळीस बसत नाहीत.

जे लोक हे काम खरंच समजून करतात, ते रंग सगळ्यात शेवटी पाहतात. आधी साप हातात घेऊन कण्यावरून बोट फिरवतात, कुठे गाठ किंवा बाक लागतो का. श्वासाला शिट्टीसारखा आवाज आहे का, तोंडाला फेस आहे का, खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडेला गोचीड किंवा माइट (अंगावर जगणारे बारीक किडे) आहेत का, ते बघतात. किती महिन्यांपासून नियमित खातोय, याची वही मागतात, कारण हा साप महिनोन् महिने उपाशी राहण्यासाठी प्रसिद्ध आहे. आईबाप कोण, त्यांच्यात कोणता जनुक, हे विचारतात. आणि साप जमिनीवर सोडून चालताना बघतात, डोकं स्थिर राहतं का. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

"आफ्रिकेचा आहे, विदर्भाचं ऊन त्याला मानवतं." हे ज्याने लिहिलं त्याने मे महिना एकतर पाहिला नाही किंवा त्याला पर्वा नाही. हा साप आफ्रिकेतही उन्हात बसत नाही. उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो. त्याला उबेची जागा 32 अंशांपर्यंत लागते आणि दुसरीकडे 26-27 ची थंड बाजू. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 46 च्या पुढे जातो, टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. त्यात लाइट गेली की कूलरही बंद. बंद डब्यातला साप एका दुपारी मरेल, अंडी त्याच्याही आधी. उंदीर शेतातून फुकट मिळतात म्हणे! आपल्या शेतातल्या उंदरांनी ब्रोमाडिओलोन, म्हणजे उंदीर मारायचं औषध, खाल्लेलं असू शकतं. तो उंदीर सापाला घातला की ते विष सापाच्या पोटात.

आता कायदा, कारण भाचा यावरच अडला होता. 2020 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सहा महिने मुदत दिली होती. तेवढ्या काळात स्वतःहून नोंद करणाऱ्याला कागद विचारले जाणार नव्हते. मेसेजवाला हेच अर्धवट सांगतो. ती मुदत केव्हाच संपली. बॉल पायथन साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि हे प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम निघाले, नोंद केंद्राच्या 'परिवेश' या वेबसाइटवर करायची. साप जवळ असणं, पिल्लं होणं, मरणं, दुसऱ्याला देणं, सगळं कळवावं लागतं. परदेशातून आणायचा तर आयातीची परवानगी वेगळी. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांत कोंबलेले 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक सापडले होते. स्वस्तातली बिनकागदाची जोडी आली कुठून, याचा अंदाज त्यावरून करा.

शेवटी मेसेजवाला म्हणतो, मादी महाग वाटत असेल तर आपल्या नाल्याकाठचा अजगर पकडा, जोड लागते. हे ऐकून कुणी पोरगा खरंच अजगर धरायला जाईल. आपला अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. धरला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड. दहा फुटांच्या अजगराशी चार फुटांच्या बॉल पायथनची जोड लावायला निघणाऱ्या माणसाकडून सल्ला घेऊ नका.

आणि "पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ". इमू पाळायला लावले तेव्हा हेच ऐकलं होतं, कडकनाथ कोंबड्यांच्या वेळीही. आधीच्यांना पैसे नव्या घेणाऱ्यांकडून मिळतात, नवे घेणारे संपले की फोन बंद. पन्नास हजारांचा भावही टिकणारा नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात पहिले अल्बिनो आणि पांढऱ्या डागांचे 'पाइड' हजारो डॉलरना गेले, आज तेच काहीशे डॉलरांत मिळतात. प्रत्येकाने पिल्लं काढली, भाव पडला.

कुणी पैसे देण्याच्या बेतात असेल तर विकणाऱ्याकडे आधी दोन कागद मागा: सापाची परिवेशवरची नोंद, आणि मूळ आयातीची परवानगी. सोबत साप जमिनीवर चालतानाचा सलग व्हिडिओ. ज्याने आधीच घेतला असेल त्याने घाबरून तो नाल्यात किंवा शेतात सोडू नये. तो उन्हाळ्यात मरेल, आणि मरण्याआधी त्याच्या अंगावरचे रोग-माइट आपल्या सापांना देईल. वनखात्याचा टोल फ्री नंबर 1926 आहे. फोन करून साप कुठून, कधी, किती पैशांत घेतला ते सांगा, आणि विकणाऱ्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका.