आमच्याकडे पण होती!

टायर गेलेत हे मला पंक्चरवाल्याने सांगितलं. पंक्चर काढून झाल्यावर त्याने टायरच्या कडेला अंगठा दाबला, शिळी भाकरी दाबून बघतात तसा, आणि मल्याळी वळणाच्या हिंदीत म्हणाला, "साब, चारों गया." मी वाकून पाहिलं. टायर गोटा वगैरे अजिबात झालेला नव्हता. म्हटलं, "अरे, नक्षी तो पूरी है." त्यावर तो म्हणाला, "नक्षी है. रबर नहीं है."

आमची गाडी १९९८ सालची मारुती ८००. रंग पांढरा, निदान आरसी बुकात तरी. आठ वर्षांपूर्वी घातलेले टायर जेमतेम नऊ हजार किलोमीटर फिरले होते. मंडई, बाबांचे डॉक्टर, आणि वर्षातून एकदा मार्केट यार्डात आंबे, एवढाच तिचा संसार. पण रबराला तुम्ही पळवा की उभं ठेवा, ऊन आणि हवा त्याला खातातच. आमच्या बाबांसारखं झालं होतं. दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत, पण गुडघे गेलेले.

मी आणखी वर्षभर कानाडोळा केला असता, पण २०२३ साल होतं आणि गाडीचं पासिंग आलं होतं. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची ही तिसरी खेप. पूर्वी या कामाची फी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर वेगळा. एजंट गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "या टायरांवर गाडी घेऊन गेलात तर साहेब बॉनेटसुद्धा उघडायला सांगणार नाहीत."

घरी आल्यावर बायकोने हिशेब मांडला. "फी पाच हजार, टायरचे बारा हजार, कर, एजंट. अहो, एवढ्या पैशाला ही गाडी तरी कुणी घेईल का?" प्रश्न बरोबर होता, वेळ चुकली. बाबा हॉलमध्येच बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कंपनीने दिलेत त्याच नंबरचे आण. भलतेसलते घालू नकोस." विषय संपला.

शनिवारी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा कुठलाही पार्ट हवा असला की माणूस आधी नाना पेठेत जातो. पहिल्याच दुकानात मालकांनी विचारलं, "कोणती गाडी?"

"एट हंड्रेड."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर असा काही भाव आला की मला वाटलं, माल आतल्या गोदामात आहे आणि ते आता पोऱ्याला हाक मारणार. हाक मारली, पण चहासाठी.

"आमच्याकडे पण होती!"

पुढची वीस मिनिटं मी त्यांच्या कुटुंबाबरोबर शिर्डीला गेलो. मोठी माणसं पाच, पोरं दोन, डिकीत कुकर आणि वातीचा स्टोव्ह, टपावर गाद्या. नगरच्या अलीकडे पंखापट्टा तुटला तर वहिनींच्या परकराच्या नाडीवर गाडी गावापर्यंत आली. चहा संपला. मी हळूच म्हटलं, "मग टायर?"

"टायर नाही हो. बारा इंची आता कोण ठेवतो?"

हे पहिलं दुकान. त्या दिवसात मी अकरा दुकानं फिरलो आणि त्यातल्या नऊ जणांकडे पण होती. एक जण तिच्यावर गाडी शिकलेला. एकाने तिच्यातून बायकोला माहेरून आणलेली, आणि ते सांगताना त्याचा आवाज असा काही खाली आला की ती परत माहेरी गेली असावी अशी मला शंका आली. विचार केला तर यात नवल काही नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात पहिल्या मारुती ८००ची किल्ली ठेवली, तिथपासून जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून शेवटची बाहेर पडेपर्यंत तीस वर्षं ही गाडी निघत होती. आज चाळिशीच्या पुढे असलेल्या मराठी माणसाने ती चालवली नसेल तर मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीत बसून खंबाटकी घाटात उलटी तरी केलेली आहे. गाडी घराघरातून गेली, आठवण राहिली. मला मात्र दोन्हीही नको होतं, टायर हवे होते.

मधल्या काळात मी टायरवरची लिपी वाचायला शिकलो. आमच्या टायरवर १४५/७० आर१२ ६९एस असं लिहिलेलं असतं. १४५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के उंची, १२ म्हणजे रीम बारा इंची. शेवटचा एस म्हणजे हा टायर ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालतो. आमची गाडी ऐंशीला गेली की डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवून नको नको म्हणायला लागतो. आणि ६९ म्हणजे एक टायर ३२५ किलो उचलतो. चार टायरचे झाले तेराशे. गाडी साडेसहाशेच्या आसपास. उरलेले साडेसहाशे किलो कशासाठी ठेवले असतील हा प्रश्न मला पडला, मग शिर्डी आठवली.

या विद्येचा उपयोग पाचव्या दुकानात झाला. तिथे चक्क आमच्याच नंबरचा टायर निघाला. पिवळा कागद गुंडाळलेला, रबराचा वास येणारा. मालक म्हणाले, "नवा कोरा." मी बॅटरी मारून कडेचे चार आकडे शोधले. ३४१५. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे २०१५च्या ऑगस्टमधला माल.

"काका, हा आठ वर्षांचा आहे."

"पण वापरलाय कुठे? वापरला नाही म्हणजे नवाच."

मी खाली उतरून आमच्या गाडीचे आकडे पाहिले. मी जे काढून टाकायला निघालो होतो ते याच्याहून दोन महिन्यांनी लहान होते.

सहाव्या दुकानातला पोरगा उत्साही होता. म्हणाला, "सर, अल्टोचे टाका. १४५/८०. बारा इंचीच आहेत." मी मोबाइलवर गुणाकार केला. टायर जवळजवळ तीन सेंटिमीटरने मोठा होत होता. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टने पळत असणार. पंचवीस वर्षांत या गाडीने न मागता एवढा वेग कधी दिलेला नाही, त्यामुळे क्षणभर मोह झाला. "पण वळताना आतून घासणार नाही का?" मी विचारलं. "थोडा घासेल. नंतर सवय होते." कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

आठव्या दुकानात मात्र खरी अक्कल भेटली. मालकांनी डोळे मिटले, हवेत बोटांनी काही आकडे मांडले आणि म्हणाले, "नॅनो." नॅनोच्या मागच्या चाकांना १५५/६५ आर१२ लागतो. व्यासात आमच्या टायरपेक्षा दोन मिलिमीटरही कमी नाही. मी थक्क झालो. पण नॅनोच्या पुढच्या चाकांचे टायर वेगळे, अरुंद असतात, आणि त्यांच्याकडे एका नॅनोचा पूर्ण सेट होता, दोन मागचे आणि दोन पुढचे. फोडून द्यायला ते तयार नव्हते. "पुढचे दोन बाल्कनीत ठेवा, कुंडी बसते छान." तरी मी घरी फोन लावला.

"बाबा, नॅनोचे टायर बसतायत."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, "मारुतीला? नॅनोचे?" सोयरीक मोडली हे मी समजलो.

टायरचं हे असं चाललेलं असताना पंक्चरवाल्याने दुसरी बातमी दिली. एक डिस्क वाकलेली होती. आपल्याकडे रिमला डिस्क म्हणतात, आणि पुण्यातल्या खड्ड्यांनी ती कशी वाकते हे पुणेकराला सांगायला नको. हवा काठातून सुटत होती. ठोकून सरळ करणाऱ्याने ती फिरवून बघितली आणि न बोलता परत दिली. मग एका चकचकीत दुकानात तेरा इंची अलॉय व्हील बघून आलो. "गाडीचा लूक बदलून जाईल," तिथला मुलगा म्हणाला. किंमत ऐकून माझा बदलला.

रविवारी जुना बाजार. जाताना बायकोच्या शिवणाच्या मशिनमधला टेप खिशात टाकला होता, कारण डिस्क बारा इंची असून भागत नाही, नटांची भोकंही जुळावी लागतात. आमच्या गाडीला चार नट, आणि समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यातलं अंतर साडेचार इंच. स्विफ्टचे नटही चारच, पण ते अंतर १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंचांच्या जरासं खाली. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. मी गंजक्या ढिगासमोर उकिडवा बसून टेप लावत होतो.

"काय साहेब, ब्लाउज शिवायचाय का?" विक्रेत्याने विचारलं. मग आतून एक डिस्क काढून माझ्यापुढे आपटली. "ही घ्या. एट हंड्रेडचीच. गॅरंटी."

तिला तीन भोकं होती. नॅनोची. त्या गाडीने माझा पिच्छा धरला होता.

दोन तास गेले. हात कोपरापर्यंत लाल. कंटाळून बाहेर आलो आणि भेळेच्या गाडीपाशी उभा राहिलो, तर भेळवाल्याच्या मोठ्या छत्रीचा दांडा जिथे जमिनीला टेकतो तिथे एक डिस्क. चार भोकं, बारा इंची असावी. मी भेळ हातात घेऊन खाली बसलो आणि टेप लावला. साडेचार इंच. काठ सरळ. हात फिरवून पाहिला, कुठे एक पोचा नाही.

"ही विकणार का?"

"आणि छत्री कशावर उभी करू, तुमच्या डोक्यावर?"

छत्रीला डिस्क सरळ असण्याची गरज नसते, हा मुद्दा मी त्याला समजावून सांगितला. तो पटायला दोन भेळा आणि तीनशे रुपये लागले. आमची वाकडी डिस्क गाडीतून काढून मी छत्रीखाली सरकवली. छत्री एका बाजूला किंचित कलली. भेळवाला म्हणाला, "बरं झालं, ऊन तिकडूनच येतं."

आणि मग टायर मिळाले. दुकान कुठे ते विचारू नका. एका बोळात आहे, पाटी नाही. म्हातारे मालक स्टुलावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून बघत होते. मी म्हटलं, "मारुती एट हंड्रेड." सवयीने उजव्या हाताला चहा ठेवायला जागाही शोधली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती?"

बस, एवढंच. यांच्याकडे नव्हती वाटतं. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं. टायर पाच होते, त्याच वर्षातले, आमच्याच नंबरचे. मी चार घेतले. पाचवा, म्हणजे स्टेपनीचा, पगार झाल्यावर न्यायचं ठरवलं. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस नावाच्या जोडीने जादा चाक विकायला काढलं. त्यांच्या देशात हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही, आपण सोडलेला नाही. जुन्या वस्तू टिकवण्यात आमचे बाबाच एकटे नाहीत.) आमच्या डिकीतली स्टेपनी गाडीबरोबर आलेली, १९९८ची. बाबांच्या मते ती एकदम नवी आहे, कारण कधी वापरलीच नाही. पाचव्या दुकानातल्या काकांशी त्यांची गाठ घालून द्यायला हवी.

पासिंग झालं. साहेबांनी टायर पाहिले, बॉनेट उघडायला सांगितलं, आत बघून हसले आणि म्हणाले... काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच असेल. त्यांच्याकडची मरून रंगाची होती.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी म्हात्रे पुलाजवळ गाडी लावून औषधं घेऊन परत आलो, तर एक सत्तरीचे गृहस्थ आमच्या पुढच्या चाकापाशी गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले. पलीकडे त्यांची गाडी उभी होती. ८००, निळी. मी तिच्या टायरकडे पाहिलं. नक्षी होती, रबर नव्हतं.

"नवीन टायर!" ते म्हणाले. डोळ्यांत अक्षरशः पाणी. "अहो, महिनाभर फिरतोय मी. कुठे मिळाले?"

मला तो बोळ आठवला. स्टूल आठवलं. भिंतीला खिळ्यावर टांगलेला एकुलता एक पाचवा टायर आठवला. पगाराला अजून चार दिवस होते.

"तुमची किती सालची?" मी विचारलं.

"९६."

"आमची ९८. बाबांनी घेतली. तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा आम्ही गणपतीपुळ्याला निघालो, तर कुंभार्ली घाटात..."

आमचा घाट उतरून होईस्तोवर त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग मी आत्याच्या लग्नात रुखवत कसं नेलं ते सांगितलं. शेवटी त्यांनीच मधे तोंड घातलं, "हो, पण टायर?"

"नाना पेठेत बघा ना," मी म्हटलं. "पण बारा इंची आता कोण ठेवतो म्हणा."

ते मान हलवत आपल्या गाडीकडे गेले. मी बायकोला फोन करून दोन हजार नऊशे पाठवायला सांगितले. दुकान आठला बंद होतं, म्हणून गाडी जरा जोरातच काढली. गणपती नको नको म्हणत होता.