बादली घेऊन फ्लॅट पाहायला

कॉटन मार्केटात टरबूज घेताना नागपूरचा माणूस ते चार बाजूंनी ठोकतो, कानाशी धरतो, "लाल निघन ना?" असं दोनदा विचारतो आणि मग दुसरंच उचलतो. तोच माणूस साठ लाखांचा फ्लॅट पाहायला गेला की हात पाठीमागे बांधून "छान आहे हो" म्हणत फिरतो. याचं कारण भीड. आधी एसीत बसवतात, मग गार पाणी, मग कॉफी. सेल्सचा मुलगा पोरांची शाळा विचारतो. आता ज्याची कॉफी प्यायलो त्याची भिंत ठोकायची कशी?

बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, तिकडे वर्धा रोडनं थेट जामठ्यापर्यंत, जिकडे पाहावं तिकडे क्रेन. एकेका स्कीममध्ये शेकड्यांनी फ्लॅट, सगळे शब्दशः एका साच्यातले. ॲल्युमिनियमचं शटरिंग लावायचं, भिंती आणि स्लॅब एकदमच ओतायचे, की मजला उभा. भिंत पक्की होते यात वाद नाही. इतकी पक्की, की गजानन महाराजांचा फोटो लावायचा तर खिळा वाकतो आणि ड्रिलवाला बोलवावा लागतो.

या सगळ्यात मनापासून बांधलेला फ्लॅट एकच असतो, तो म्हणजे सॅम्पल फ्लॅट. तिथे पलंग किंचित आखूड, आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, आणि भर दुपारी सगळे दिवे चालू. तुमचा फ्लॅट असाच होईल, असं कुणी म्हणत नाही. तुम्हीच तसं समजून घेता. २०१६च्या रेरा कायद्याच्या, म्हणजे बिल्डरांना लगाम घालणाऱ्या कायद्याच्या, कलम १२ मध्ये सॅम्पल फ्लॅटचा उल्लेख आहे: त्यावरून खोटं चित्र उभं केलं आणि ग्राहकाचं नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. हे कलम मी घरून पाठ करून गेलो होतो. आखूड पलंगावर बसून ते म्हणायचा धीर काही झाला नाही.

म्हणून पझेशनच्या आधी बायकोनं तिच्या काकांना बोलावलं. काकाजी बांधकाम खात्यातून निवृत्त. भीड हा अवयव त्यांना जन्मतःच नाही. आले ते हातात प्लॅस्टिकची बादली, खिशात दहाचं नाणं आणि नातवाचा एक कंचा, म्हणजे खेळायची गोटी, घेऊन. कॉफी विचारल्यावर म्हणाले, "आधी घर पाहू, मग तुझ्या कॉफीचं पाहू."

नाण्यानं त्यांनी हॉलची टाइल न् टाइल वाजवली. खाली मसाला नीट भरला असेल तर आवाज ठस येतो, पोकळी असेल तर डबडब. आमच्या हॉलमध्ये बऱ्यापैकी तबला निघाला. प्रत्येक डबडब टाइलवर काकाजी खडूनं फुली मारत होते आणि सेल्सचा मुलगा पायानं ती पुसत होता. मग कंचा. तो हॉलच्या मधोमध ठेवला, तर आधी विचारात पडल्यासारखा थांबला, मग निघाला तो थेट बाल्कनीत. उलट बाथरूममध्ये बादली ओतली, तर पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे ते जायच्या जाळीकडे, पाठ करून कोपऱ्यात जाऊन बसलं. म्हणजे मिस्त्रीनं उतार द्यायचा विसर पडू दिला नव्हता, फक्त खोली चुकली होती.

"बाबू, हे पाणी काहून थांबून राहिलं इथं?"

"सर, वापर सुरू झाला की जाईल."

"कोणाचं, पाण्याचं का आमचं?"

मग साईट इंजिनिअरला बोलावणं गेलं. पोरगा तरुण, घामाघूम, हेल्मेट काखेत. काकाजींनी त्याला खिडकीखाली छपाईला, म्हणजे प्लास्टरला, गेलेली बारीक भेग दाखवली आणि विचारलं, "छपाई मे महिन्यातली ना? पाणी किती दिवस मारलं?" नागपूरच्या मेमध्ये पारा पंचेचाळीसवर असतो, सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता उडून जातं. आपल्या काँक्रीटच्या मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, कोरड्या कडक हवेत काँक्रीट निदान १० दिवस ओलं ठेवा असं लिहिलंय. छपाईला तरी वेगळी तहान कुठली? इंजिनिअर म्हणाला, "टँकर येऊन राहिले होते सर." टँकर आले की नाही, ते पोरानं जमिनीकडे पाहत सांगितलं.

पाया मुरमापर्यंत नेला की काळ्या मातीत सोडला, हा पुढचा प्रश्न. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर जे काही हलकंफुलकं उभं असेल त्याला नाचवते. बिल्डिंगचा पाया मुरमात होता. ड्रॉइंग निघालं, काकाजींनी चष्मा लावून वाचलं, मान डोलावली. कंपाउंडच्या भिंतीला मात्र तिरकी भेग होती. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेवटी त्यांनी खास नागपुरी परीक्षा घेतली: कूलर कुठे बसवायचा? स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, त्या अर्ध्यात कूलर मावत नाही.

"सर, एसीचा पॉइंट दिलाय."

"बिलाचाही दे."

यादी झाली. कामातले दोष पझेशनपासून ५ वर्षांत दाखवले तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचे, हे रेराचं कलम १४ काकाजींनी इंजिनिअरकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं आणि यादीवर त्याची सही घेतली. मी तेवढ्या वेळात कॉफी घेतली.

निघताना लिफ्टपाशी तो इंजिनिअर काकाजींजवळ सरकला. सेल्सचा मुलगा लांब गेल्याची खात्री करून हळूच म्हणाला, "काकाजी, रविवारी मोकळे आहात का? मी पण फ्लॅट पाहून राहिलो, दुसऱ्या बिल्डरचा."

"कोणता मजला?"

"नववा."

"लिफ्ट सुरू झाली का, ते पहिले विचारून घे."