गालावरचं भस्म

शुक्रवारी सकाळी मी तोंडाला सनस्क्रीन लावून इंदूरच्या रामबागेत पोहे खायला गेलो. त्याचे भोग अजून संपलेले नाहीत.

गालांवर वांग उठलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलमं नंतर, आधी ऊन बंद. झिंक ऑक्साइडवालं घ्या, चेहरा-मान मिळून दोन बोटं भरून लावा, घरातून निघायच्या वीस मिनिटं आधी. तसंच केलं. झिंक ऑक्साइड म्हणजे पांढरी पूड. माझ्यासारख्या सावळ्या कातडीवर ती मुरत नाही, जाहीर होते.

प्लेटीवर जिरावण मसाला पडत होता तेवढ्यात काकांनी गाठलं. काका म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारे आमचे काका.

"काय रे, उज्जैनहून थेट इकडेच?"

"नाही काका, घरून."

"लपवतोस काय! महाकालाची पहाटेची भस्मारती. तोंडावरच दिसतंय. रात्री किती वाजता निघालास?"

मी म्हटलं, हे सनस्क्रीन आहे. ते काकांच्या कानापर्यंत गेलं, आत गेलं नाही.

"आम्ही दोघं कधीपासून बुकिंगच्या मागे आहोत. कंप्यूटर उघडेपर्यंत फुल्ल. तुझं कसं झालं? ओळख आहे वाटतं तिथे?" आणि मी तोंडातला घास गिळेपर्यंत त्यांनी चप्पल काढली, अनामिका माझ्या डाव्या गालावरून फिरवली आणि स्वतःच्या कपाळावर आडवी ओढली. डोळे मिटून. "जय महाकाल!"

पोहेवाल्यानं झारा ठेवून हात जोडले. जलेबीच्या रांगेतला एक पोरगा पुढे सरकला, "भिया, थोड़ा इधर भी." मी उजवा गाल हातानं झाकला. त्यावर निदान वीस रुपयांचा माल होता.

"उन्हाचं औषध आहे हो ते!" मी ओरडलो.

काकांनी डोळे उघडले. "इंदुरात कसलं ऊन? कर्करेखा उज्जैनवरून जाते. ऊन तिकडे."

इथे मला गप्प बसवेना. म्हटलं, कर्कवृत्त आता उज्जैनच्याही थोडं उत्तरेला, डोंगला गावाजवळून जातं. तिथे सूर्य वर्षातून एकदाच, २१ जूनच्या सुमाराला, बरोबर डोक्यावर येतो. आपण त्याच्या दक्षिणेला, म्हणून आपल्या डोक्यावर दोनदा: जूनमध्ये जाताना आणि जुलैत परतताना.

"म्हणजे त्यालाही इंदूर सोडवत नाही," काका म्हणाले. पोहेवाल्यानं खूश होऊन त्यांच्या प्लेटीत जास्तीची शेव टाकली. भूगोल मी सांगितला होता.

वाद घालण्यात अर्थ नव्हताच. काकांच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली जो फिकट पट्टा आहे तेवढेच मूळचे काका. बाकीचे उन्हानं केलेले आहेत. शिवाय, आता नाइलाजानं सांगतो, आयुर्वेदात जस्त जाळून यशद भस्म करतात ते मुख्यतः झिंक ऑक्साइडच. हे मी काकांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

माझा खरा राग त्या ट्यूबवर आहे. एवढीशी ट्यूब, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायची. एसपीएफ ३० म्हणे जाळणारे यूव्हीबी किरण ९७ टक्के अडवतं, आणि ५० अडवतं ९८. त्या वरच्या एका टक्क्याचे दुकानदार माझ्याकडून वेगळे पैसे घेतो. बँकेत माझी खुर्ची खिडकीशी. काच यूव्हीबी बरेचसे अडवते, पण डाग काळे करणारे यूव्हीए खुशाल आत सोडते, म्हणून खोक्यावर पीएच्या पुढची अधिकची चिन्हंही मोजायची. आधीच कॅशमध्ये नोटा मोजतो. दुपारी बाथरूमच्या आरशापुढे रंगरंगोटी करताना शिपाई बघतो आणि काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

"नाहीतर सावलीतून जा," इति डॉक्टरीणबाई. कुठल्या? आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबराचे गुच्छ घेतंय. माझ्या वाटेवरच्या सिग्नलला कागदाचा कपटा सापडत नाही हे खरं, पण झाडही सापडत नाही. होती ती रस्ता रुंद करताना झाडून नेली. भर उन्हात स्कूटरवर आकडे उलटे मोजत बसायचं. शेजारच्या ॲक्टिव्हावरच्या मुली डोळे सोडून सगळं ओढणीत गुंडाळतात, कोपरापर्यंत हातमोजे घालतात, त्यांना कुणी हटकत नाही. मी तसा निघालो तर चेन ओढणारा म्हणून पहिल्या चौकात धरतील. पुरुषानं एकतर काळं व्हावं नाहीतर भस्म लावावं, तिसरी सोय नाही.

रविवारी काकूंचा फोन आला. "अरे, तुझी उज्जैनला मोठी ओळख आहे असं हे म्हणत होते." मी नाही म्हटलं. सनस्क्रीन म्हटलं. जस्त म्हटलं. "असू दे रे, देवाचं काम आहे, सांगायचं नसतं," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी काका दारात पाकीट सरकवून गेले. दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, मागे पेन्सिलीनं लिहिलेलं: शक्यतो सोमवार बघ. खाली शेजारच्या कुलकर्ण्यांचीही चार नावं आहेत.