‘हाकुताका’ तोट्यात बुडाली नव्हती

बुलेट ट्रेनवर वाद पेटला की कुणीतरी जपानचा दाखला देतो. सध्या फिरणारा दाखला असा: ‘जपानमध्ये हाकुताका नावाची जुनी गाडी होती. मंद होती, रिकामी धावायची, तोट्यात होती. २०१५ मध्ये तिचीच बुलेट ट्रेन केली. नाव तेच राहिलं, वेळ वाचला, कुणाचं काही गेलं नाही.’ यातलं वेळ वाचल्याचं तेवढं खरं आहे. टोकियो ते कानाझावा या प्रवासाला पूर्वी पावणेचार तास लागत, आता सर्वांत वेगवान गाडीला अडीच तासही लागत नाहीत. ते मी नाकारत नाही. बाकीचं एकेक पाहू.

‘मंद होती.’ मार्च २००२ पासून हाकुताका डोंगरातल्या होकुहोकू या रेल्वेमार्गावर ताशी १६० किलोमीटरने धावत होती, तेही १०६७ मिलिमीटर रुंदीच्या, म्हणजे नॅरो गेजच्या रुळांवर. नॅरो गेज म्हटलं की आपल्याला माथेरानची गाडी आठवते. तिचे रूळ ६१० मिलिमीटरचे. जपानचे जुने रूळ त्याहून रुंद असले, तरी आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजपुढे अरुंदच. जपानमध्ये अशा रुळांवर इतक्या वेगाने दुसरी कुठलीही प्रवासी गाडी रोज धावली नाही. तिथल्या साध्या मार्गांवर वेगाची मर्यादा सहसा १३० असते, कारण आणीबाणीचा ब्रेक लावल्यावर गाडी ६०० मीटरच्या आत थांबली पाहिजे असा दंडक होता. होकुहोकू मार्गाला त्यातून सूट मिळाली, कारण तो रस्त्यांवरची फाटकं टाळून, बहुतांश पुलांवरून आणि बोगद्यांतून नेला आहे. १३० च्या पुढे जायची मुभा आहे हे चालकाला कळावं म्हणून सिग्नलवर एकाऐवजी दोन हिरवे दिवे लागत. मार्ग एकेरी, आणि काही ठिकाणी समोरच्या गाडीला वाट देण्याची सोय थेट बोगद्याच्या पोटात. मिसाशिमा हे स्टेशनही बोगद्यातच आहे. भरधाव गाडीने ढकललेला वारा इतका जोराचा असे, की गाडी येऊन थांबेपर्यंत प्रवाशांना फलाटावर सोडतच नसत. मधलं दार बंद असे. अशा गाडीला मंद म्हणणं मला सहन होत नाही.

‘रिकामी धावायची, तोट्यात होती.’ हे तर वस्तुस्थितीच्या नेमकं उलटं आहे.

निईगाता प्रांतातल्या बर्फाळ डोंगरांतून जाणाऱ्या या ५९.५ किलोमीटरच्या होकुहोकू मार्गाचं काम १९६८ मध्ये सुरू झालं. १९८० मध्ये राष्ट्रीय रेल्वे कर्जात रुतली आणि काम थांबलं. १९८४ मध्ये स्थानिक सरकारं आणि खासगी भांडवल यांनी मिळून होकुएत्सू एक्स्प्रेस ही छोटी कंपनी काढली आणि अर्धवट काम अंगावर घेतलं. नाबेताचियामा बोगद्याने सगळ्यांचा अंत पाहिला. तिथली माती दाबाखाली फुगते. खोदलेली जागा पुन्हा भरत येई, आणि खोदणारं यंत्रसुद्धा तिने मागे ढकललं. मधल्या जेमतेम साडेसहाशे मीटरनी वर्षानुवर्षं खाल्ली. अखेर २२ मार्च १९९७ रोजी मार्ग खुला झाला आणि एचिगो-युझावा स्टेशनवर शिनकान्सेनमधून, म्हणजे बुलेट ट्रेनमधून, उतरलेल्या प्रवाशांना हाकुताका थेट कानाझावाकडे नेऊ लागली.

डोंगरातल्या विरळ वस्तीच्या भरवशावर अशी कंपनी तगणं अवघडच. तिला पोसलं हाकुताकाने. कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे नव्वद टक्के भाग या एका गाडीतून येत होता. शेवटी शेवटी नऊ डब्यांच्या गाडीच्या दिवसाला १३ फेऱ्या जाऊन-येऊन होत होत्या. रिकाम्या गाडीचं वेळापत्रक असं नसतं. थेट कानाझावापर्यंत जाणारी होकुरिकू शिनकान्सेन आली की ही गाडी जाणार, हे कंपनीला आधीपासून माहीत होतं. म्हणून नफा उडवला नाही, साठवला: सुमारे १३०० कोटी येन. पुढच्या दुष्काळासाठी धान्य भरून ठेवावं तसा.

तेव्हा १४ मार्च २०१५ रोजी जी थांबली ती भरात असलेली, कमावती गाडी होती. तिचे प्रवासी नव्या मार्गाकडे वळणार होते, एवढंच तिच्या थांबण्याचं कारण.

‘तिचीच बुलेट ट्रेन केली.’ नाही. नवी हाकुताका नागानोवरून जाते, जुन्या गाडीची एचिगो-युझावा आणि तोकामाची ही स्टेशनं तिच्या वाटेवर नाहीतच. रूळ वेगळे, डबे वेगळे. होकुएत्सू एक्स्प्रेस कंपनीच्या मालकीचे जुने डबे जेआर वेस्टने (राष्ट्रीय रेल्वेच्या जागी आलेल्या जेआर कंपन्यांपैकी एक) घेतले आणि ‘शिरासागी’ या गाडीला जोडले. सारखं आहे ते फक्त नाव, आणि नाव असं आयतं चालत येण्याची ही पहिली खेप नव्हे. हाकुताका म्हणजे पांढरा ससाणा, तातेयामा पर्वताच्या दंतकथेतला. १९६५ मध्ये उएनो–कानाझावा डिझेल गाडीला ते दिलं, १९६९ मध्ये ती विजेवर आली, १९८२ मध्ये जोएत्सू शिनकान्सेन सुरू होताच बंद पडली. १९९७ मध्ये वेगळ्या मार्गावरच्या वेगळ्या गाडीने तेच नाव घेतलं. २०१३ मध्ये शिनकान्सेनसाठी लोकांकडून नावं मागवली तेव्हा सर्वाधिक पसंती याच नावाला मिळाली. लोकांचा त्या नावावर जीव होता, हे त्यातून दिसतं. गाडी तीच राहिली असं त्यातून ठरत नाही.

‘कुणाचं काही गेलं नाही.’ कानाझावा ते नाओएत्सू हा जुना मुख्य मार्ग त्याच दिवशी जेआरकडून तीन स्थानिक कंपन्यांच्या गळ्यात पडला. निईगाता–कानाझावा थेट नेणारी ‘होकुएत्सू’ ही गाडीही त्याच दिवशी गेली. आता त्या प्रवासात गाडी बदलावी लागते. होकुएत्सू एक्स्प्रेस कंपनी लगेच तोट्यात गेली आणि २०१८ मध्ये तिला भाडं वाढवावं लागलं. म्हणजे तोटा खरा आहे, फक्त मजकूर लिहिणाऱ्याने क्रम उलटा केला. तोट्यामुळे हाकुताका गेली नाही, हाकुताका गेल्यामुळे तोटा आला.

कंपनी तरीही स्वस्थ बसली नाही. ‘स्नो रॅबिट’ नावाची अतिजलद गाडी सोडून तिने एचिगो-युझावा ते नाओएत्सू अंतर तासाच्या आत आणलं, जादा आकार न घेता. मार्च २०२३ मध्ये तीही थांबली. आता त्या बोगद्यांतून साध्या लोकल जातात, आणि सिग्नलवर एकच हिरवा दिवा लागतो.